घरातील झुरळे : ओळख आणि उपाय

घरात मुख्यतः दोन जातींची झुरळे त्रास देतात. उपायाआधी जात ओळखा.

जर्मन झुरळ : लांबी १३ ते १६ मि.मी., रंग फिकट तपकिरी. डोक्यामागील ढालीवर दोन काळे उभे पट्टे. ओटा, फ्रिज, कपाटाच्या फटींत लपते. एका अंडकोषात ३० ते ४० अंडी. फटींत जेल आमिषाचे ठिपके लावा.

अमेरिकन झुरळ : लांबी ३५ ते ४० मि.मी., रंग तांबूस. ढालीला पिवळसर कडा. नाली, मोरीतून येते. मोरीला जाळी बसवा, भेगा बुजवा.

महत्त्वाचे : वर्धा जिल्ह्यात कपाशीच्या फवारणीतून उरलेले कीटकनाशक अनेकदा घरीच असते. ते झुरळांसाठी घरात मुळीच फवारू नका. अन्नातून, श्वासातून विषबाधा होऊ शकते. घरगुती वापराचे लेबल असलेलेच औषध घ्या.