स्टेशनाबाहेरची जागा

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्याला पोहोचली, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. 14 डबे, 3 इंजिने, सुमारे 400 पाहुणे आणि 34 किलोमीटरचा प्रवास. पण स्टेशनात उतरलेला माणूस पुढे घरी कसा जायचा, हे आपण फारसे विचारत नाही. तो पायी जाई, नाहीतर बैलगाडीने किंवा टांग्याने. प्रवाशाने आपले वाहन दिवसभर स्टेशनाबाहेर ठेवावे, ही कल्पनाच त्या काळी नव्हती. आज वाहन लावायला जागा मिळत नाही म्हणून आपण कुरकुरतो, त्या तक्रारीचे मूळ तिथे आहे.

टांगा प्रवासी उतरवून निघून जातो. बसचेही तसेच. म्हणून स्टेशनाबाहेरची जागा थोडी असली तरी पुरत होती. माझ्या लहानपणी अब्बा राबोडीतून पायीच स्टेशन गाठत. नौपाडा, चरईची माणसेही चालत येत. वागळे इस्टेटीत कारखाने आले, कामगारांच्या सायकली आल्या. पण सायकल बिचारी भिंतीला टेकूनही उभी राहते.

पुढे दोन गोष्टी एकाच सुमारास घडल्या. मुंबईतली घरे नोकरदाराच्या आवाक्याबाहेर गेली आणि ठाणे घोडबंदर रस्त्याने पसरत गेले. कासारवडवलीच्या माणसाला स्टेशन आठ-दहा किलोमीटर दूर पडले. दुसरीकडे, 1980 नंतर शंभर सीसीच्या मोटारसायकली आल्या, 1991 नंतर कर्जे सुलभ झाली, आणि स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसण्याचे दिवस संपले. घर लांब गेले, वाहन दारात आले. स्टेशन मात्र होते तिथेच, जुन्या बाजारपेठेच्या कुशीत राहिले.

माझी मुलगी रोज लोकलने कामाला जाते. सकाळी स्टँड भरलेला असतो. रस्त्यात गाडी लावावी तर टोइंगवाले उचलून नेतात. मग ती दूरच्या एखाद्या गल्लीत स्कूटर लावते आणि रात्री दहाला त्या अंधारातून एकटी चालत जाते. तोवर तिच्या आईचा डोळा घड्याळावरून हलत नाही. पार्किंगचा प्रश्न आमच्या घरात असा येतो.

ठाण्यात स्टेशनाच्या पश्चिमेला 2009 च्या सुमारास ‘सॅटिस’चा उंच पूल झाला. बसगाड्या वर गेल्या, खाली थोडा श्वास मोकळा झाला. नवी मुंबईची गोष्ट वेगळी. 1970 साली स्थापन झालेल्या सिडकोने शहर आणि रेल्वे यांचा विचार एकत्रच केला. तिथल्या रेल्वेमार्गाच्या खर्चाचा 67 टक्के वाटा सिडकोने उचलला. 1992 मध्ये लोकल वाशीला पोहोचली, तेव्हा स्टेशनासमोर मोकळी जागा आधीच राखलेली होती. जुन्या शहरांना ही सवड मिळाली नाही.

मग ठाण्यासारख्या गावाने करायचे काय? साधा हिशेब मांडू. एक मोटार उभी करायला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. हजार माणसे एकेक मोटार घेऊन आली, तर तीन एकर जागा नुसती उभ्या गाड्यांनाच लागेल. गर्दीच्या वेळी एका लोकलमध्ये हजाराहून कितीतरी जास्त माणसे असतात. एवढे एकर आणायचे कुठून? बाजार पाडून, की लोकांची घरे पाडून?

तेव्हा आहे ती जागा आधी चालणाऱ्याला, मग बस आणि शेअर रिक्षाला, मग सायकल-स्कूटरला मिळावी, आणि मोटारीचा नंबर सर्वांत शेवटी लागावा, असे मला वाटते. घोडबंदरला दर पाच मिनिटांनी बस मिळाली आणि रात्री उशिरापर्यंत मिळत राहिली, तर माझी मुलगी स्कूटर घरीच ठेवील. स्टेशनजवळची जागा वाढवता येत नाही. ती कोणाला द्यायची, एवढेच आपल्या हातात आहे.