संघराज्याविना फेडरल न्यायमूर्ती

१९३७ साली इंदुरातल्या मराठी पक्षकाराची धाव होळकर दरबारापर्यंतच असे. त्याच वर्षी दिल्लीत फेडरल कोर्ट सुरू झाले. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर. जोडीला सर शाह महंमद सुलेमान आणि आपले बॅ. मुकुंदराव जयकर. कोर्ट भरे नरेंद्र मंडळाच्या दालनात, आणि गंमत अशी की त्याच नरेंद्रांवर त्याची हुकमत नव्हती! १९३५ च्या कायद्यानुसार संस्थानी प्रजेपैकी निम्म्या प्रजेचे राजे सामील झाले, तरच संघराज्य व्हायचे. ते झालेच नाही.

शेजारच्या मध्यप्रांत-वऱ्हाडाला मात्र हे कोर्ट पावले. तिथल्या सरकारने १९३८ मध्ये पेट्रोलच्या किरकोळ विक्रीवर ५ टक्के कर बसवला. केंद्र म्हणे, ही तर अबकारी, म्हणजे हक्क आमचा. गव्हर्नर जनरलने कोर्टाचे मत मागवले. तिन्ही न्यायमूर्तींनी आपापली मते स्वतंत्र लिहिली. पण कौल एकच, प्रांताचा कर कायदेशीर. राज्यांच्या विक्रीकराचा पाया इथे पक्का झाला. जयकरांची राजकारणातली मध्यस्थी सर्वांना आठवते, हे काम कुणाला आठवत नाही.

१९३९ मध्ये ते प्रिव्ही कौन्सिलवर गेले. महायुद्ध पेटले आणि संघराज्याची योजना बासनात गेली. इंदूर १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाले. २८ जानेवारी १९५० रोजी त्याच दालनात सर्वोच्च न्यायालयाचे उद्घाटन झाले आणि इंदूरच्या दाव्यांना दिल्लीची वाट पुरती मोकळी झाली. जयकर तेव्हा पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते.