जमिनीचें देणें

'सेंद्रिय' अशी चिठ्ठी लावलेली डाळ किंवा गूळ चढ्या भावानें घरीं आणतांना, हें शेतीचें शास्त्र विलायतेंतून आलें असें आपल्या सुशिक्षित कुटुंबांतील पुष्कळांस वाटतें. परंतु त्या शास्त्राचा एक मोठा प्रवाह बिहारांतील पुसा आणि होळकरांचें इंदूर या दोन ठिकाणांहून निघालेला आहे. तो इतिहास वाचकांपुढें थोडक्यांत मांडावा, असा आमचा हेतु आहे.

आल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म १८७३ सालीं इंग्लंडांत एका शेतकरी घराण्यांत झाला. १९०५ मध्यें ते पुसा येथील सरकारी कृषिसंशोधनसंस्थेंत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. शिकवावयास आलेल्या या गृहस्थांवर लवकरच शिकण्याची पाळी आली. भोंवतालच्या शेतकऱ्यांचीं पिकें कीडरोगांपासून बहुतांशीं मुक्त होतीं, आणि तीं राखण्यास त्यांना कोणतेंहि विषारी औषध लागत नव्हतें. तेव्हां हॉवर्ड यांनीं त्या शेतकऱ्यांस, आणि खुद्द किडींसहि, आपले गुरु मानलें. कीड पडली म्हणजे जमिनीची किंवा पिकाची कांहीं तरी हेळसांड झाली, असें ते समजूं लागले.

पुढें १९२४ सालीं इंदुरास वनस्पतिसंशोधनाची संस्था निघाली. तेथें हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनीं जी खतपद्धति बसविली, ती 'इंदूर पद्धति' म्हणून जगभर गाजली. तिची कृति साधी आहे. तीन भाग पालापाचोळा, धसकटें व काडीकचरा आणि एक भाग शेण. त्यांत गोठ्यांतील मूत्रानें भिजलेली माती व थोडी राख. दोनतीन फूट खोल खड्ड्यांत याचे थर द्यावयाचे, ओल राखावयाची, हवा खेळावी म्हणून तीन वेळां खालवर करावयाचें. तीन महिन्यांत खत तयार होतें. चीनमधील शेतकऱ्यांचा जुना अनुभवहि या प्रयोगांमागें होता. हॉवर्ड व वाड यांचा ग्रंथ १९३१ मध्यें प्रसिद्ध झाला. १९४० मध्यें हॉवर्ड यांचा दुसरा ग्रंथ आला, आणि १९४६ मध्यें इंग्लंडांत 'सॉइल असोसिएशन' स्थापन झाली. आपल्याकडे तर १८८३ सालींच महात्मा फुले यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत, डोंगरावरील कुजलेला पाला पावसाच्या पाण्याबरोबर शेतांत येऊन जमीन कशी सुपीक करी, हें सांगून ठेविलें होतें.

याचा अर्थ जुनें तें सगळें सोनें, असा मात्र नव्हे. सरपणाच्या अभावीं शेण चुलींत जातें, हें डॉ. व्होल्कर यांनीं १८९३ च्या अहवालांत दाखविलें होतें. १९६५-६६ च्या दुष्काळानंतर देशाचीं कोठारें भरलीं, त्यांत नव्या बियाण्यांचा व रासायनिक खतांचा वांटा मोठा होता; तो नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. श्रीलंकेनें २०२१ मध्यें रासायनिक खतांची आयात एकाएकीं बंद केली, आणि भातशेतीची दाणादाण पाहून त्याच वर्षीं तो हुकूम मागें घेतला. जमीन राजाज्ञेनें सुधारत नाहीं. तिला वर्षें द्यावीं लागतात.

तीं वर्षें कोणाच्या खर्चानें जावयाचीं, हा खरा प्रश्न आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणें देशांतील शंभरांपैकीं शहाऐंशीं शेतकऱ्यांची जमीन दोन हेक्टरांहून कमी आहे. खत कुजविण्याचे कष्ट घरच्याच माणसांचे. हंगामी पिकांस सेंद्रिय प्रमाणपत्र मिळण्यापूर्वीं सामान्यतः दोन वर्षें जावीं लागतात. त्या काळांत उत्पन्न घटण्याचा धोका असतो, आणि चढा भाव तर अद्याप लागू झालेला नसतो. लहान शेतकरी खचतो तो येथें.

जमिनीपासून जें घेतलें तें तिला परत केलें पाहिजे, हा हॉवर्ड यांच्या शिकवणीचा गाभा. आमच्या मतें तो मातीपुरताच नाहीं. चिठ्ठी पाहून भाव देणें सोपें आहे. परंतु ओळखीच्या एखाद्या शेतकरी कुटुंबाकडून त्या अडचणीच्या दोन वर्षांतहि धान्य घेणें, आणि शक्य तर पेरणीपूर्वींच कांहीं रक्कम देणें, ही गोष्ट चारदोन घरांनीं मिळून मनावर घेतली तर अशक्य नाहीं. ज्याच्या बांधावर जगानें विद्या घेतली, त्याचें देणें आपल्याकडे बाकी आहे.