आठ सामने, चार धावा

अमेरिकेत बेसबॉलचा हंगाम मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला उघडतो आणि ऑक्टोबरपर्यंत चालतो. एकेका संघाच्या वाट्याला १६२ सामने येतात. त्यामुळे एप्रिलमध्ये कुणी फार चमकलं, की तिथले जुनेजाणते प्रेक्षक एवढंच म्हणतात, अजून एप्रिल आहे! पहिल्या पावसावरून वर्षाचं पीक सांगायला निघालेल्या पोराला आपल्याकडचा म्हातारा शेतकरी असाच गप्प करतो. तरीही आकड्यांवरून एप्रिलमध्ये जेवढी भांडणं होतात, तेवढी पुढे होत नसावीत. आकडे तेव्हा बाळसं धरायचे असतात. एका सामन्यात आभाळाला टेकतात, दुसऱ्यात जमिनीवर येतात. १६ एप्रिल १९४० रोजी, हंगामाच्या पहिल्याच दिवशी, क्लीव्हलँडच्या बॉब फेलरने शिकागोच्या व्हाइट सॉक्स संघाला एकही हिट मारू दिला नाही. सामना सुरू होण्याआधी शिकागोच्या प्रत्येक फलंदाजाची सरासरी शून्य होती, आणि सामना संपल्यावरही शून्यच राहिली. हिशोब ठेवणाऱ्यांना याची गंमत आजही वाटते.

बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. त्याचा कस ज्या आकड्याने बघतात त्याला ईआरए म्हणतात. रीत सोपी आहे. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा वगळायच्या. उरलेल्यांना नऊने गुणायचं, कारण पूर्ण सामना नऊ इनिंगचा. मग त्याने जेवढ्या इनिंग टाकल्या तेवढ्याने भागायचं. उत्तर तीनच्या आत आलं तर पिचर उत्तम, चारच्या आसपास आलं तर चालतं, पाचच्या पुढे गेलं की जागा धोक्यात. नॅशनल लीगने १९१२मध्ये हा आकडा अधिकृत केला. हंगामाच्या पहिल्या सामन्यात कुणी एकालाही बाद न करता धाव दिली, तर त्याला शून्याने भागावं लागतं आणि त्याचा ईआरए अनंत होतो. सुफी मंडळींना आवडावं असं हे गणित आहे.

आता १९८१च्या एप्रिलकडे येतो.

९ एप्रिल. लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाचा पहिला सामना, समोर ह्यूस्टन. पहिल्या दिवसाचा मान ठरलेल्या जेरी रॉइसच्या पोटरीला दुखापत झाली. ऐन वेळी एका वीस वर्षांच्या डावखुऱ्या पोराला पुढे केलं. नाव फर्नांडो वालेन्सुएला. मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतातल्या एचोवाकीला नावाच्या खेड्यातला, बारा भावंडांतला धाकटा, शेतकऱ्याच्या घरातला. अंगाने गुबगुबीत, थोडं पोटही होतं. इंग्रजी येत नव्हतं. चेंडू टाकताना मध्येच डोळे आभाळाकडे फिरवायचा. आदल्या सप्टेंबरात संघात आला तेव्हा दहा सामन्यांत मदतीला उतरला होता, पण मोठ्या संघासाठी सामना सुरू करण्याची ही पहिलीच वेळ.

त्याच्याकडे स्क्रूबॉल होता. डावखुऱ्या पिचरचा नेहमीचा वळणारा चेंडू उजव्या फलंदाजाच्या अंगावर येतो. स्क्रूबॉल उलटा, बाहेर जातो. आपल्या गुगलीचा चुलतभाऊच म्हणा ना. हा चेंडू त्याला बॉबी कास्तियोने शिकवला होता, आणि कास्तियो हा लॉस एंजेलिसच्याच पूर्व भागातल्या मेक्सिकन वस्तीतला मुलगा.

त्या दिवशी ह्यूस्टनला एकही धाव मिळाली नाही. २–०. मग सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध एक धाव दिली. पुढे सॅन डिएगो, पुन्हा ह्यूस्टन, पुन्हा सॅन फ्रान्सिस्को, तिघांनाही शून्य. ह्यूस्टनविरुद्धचा दुसरा सामना १–० असा सुटला आणि ती एकुलती धाव फर्नांडोच्याच बॅटीतून आली. माँट्रियलमध्ये नऊ इनिंग टाकून एक धाव. ८ मे रोजी न्यूयॉर्कमध्ये पुन्हा १–०. १४ मे रोजी घरच्या मैदानावर माँट्रियलविरुद्ध ३–२. आठ सामने, आठही जिंकलेले, पाचांत प्रतिस्पर्ध्याला शून्य. आठ नव्वे बहात्तर इनिंग, धावा चार. चार नव्वे छत्तीस, भागिले बहात्तर. ईआरए अर्धा!

हा अर्धा आकडा टिकणारा नव्हताच. १८ मे रोजी फिलाडेल्फियाने त्याला हरवलं. पहिल्या आठानंतर उरलेल्या हंगामात त्याचे पाच विजय आणि सात पराभव, ईआरए साडेतीनच्या वर. म्हणजे चारचौघांसारखा पिचर. ‘अजून एप्रिल आहे’ म्हणणाऱ्यांचं गणित बरोबर होतं. पण त्या वर्षी आणखी काही घडलं. १२ जूनला खेळाडूंनी संप केला, तो ऑगस्टपर्यंत मिटेना. शेवटी हंगामाचे दोन तुकडे पाडले आणि संपाच्या दिवशी जो संघ पुढे असेल तो पहिल्या तुकड्याचा विजेता ठरवला. डॉजर्सचे ३६ विजय, २१ पराभव. मागे सिनसिनाटी, ३५ आणि २१. अर्ध्या सामन्याचा फरक. फर्नांडोच्या त्या आठांपैकी एक सामना उलटा गेला असता तर सिनसिनाटी पुढे राहिलं असतं. सिनसिनाटीने वर्षभरात दोन्ही लीगमधल्या सगळ्या संघांपेक्षा सरस कामगिरी केली, ६६ विजय आणि ४२ पराभव, आणि तरी ते घरी बसले. डॉजर्स पुढे जाऊन जगज्जेते झाले. सिनसिनाटीवर अन्याय झाला असं मला वाटतं. पण एप्रिलला कमी लेखणाऱ्यांना एवढं खणखणीत उत्तर दुसऱ्या कुठल्या वर्षाने दिल्याचं मला माहीत नाही.

मला ही हकिगत सांगाविशी वाटली ती मात्र मैदानाच्या जमिनीमुळे.

डॉजर्सचं मैदान एका टेकडीवर आहे. त्या जागेचं नाव चावेझ रॅव्हिन, चावेझची घळ. तिथे ला लोमा, पालो वेर्दे आणि बिशप अशा तीन वस्त्या होत्या, बहुतेक मेक्सिकन कुटुंबांच्या. बकऱ्या, कोंबड्या, परसातला भाजीपाला, स्वतःची शाळा, चर्च. १९५०च्या जुलैमध्ये सगळ्यांना पत्रं गेली की इथे सरकारी घरबांधणी होणार, जागा सोडा. नव्या घरांत पहिला हक्क तुमचा. लोक गेले. मग राजकारण फिरलं, गरिबांसाठी सरकारी घरं म्हणजे साम्यवाद अशी हाकाटी झाली आणि १९५३मध्ये नव्या महापौरांच्या कारकिर्दीत योजना गुंडाळली. घरं गेली ती गेलीच. पुढे डॉजर्स ब्रुकलिन सोडून पश्चिमेला आले, जून १९५८च्या जनमतात थोडक्या फरकाने कौल मिळाला आणि रिकामी टेकडी क्लबकडे गेली. शेवटचं आरेचिगा कुटुंब हटत नव्हतं. ८ मे १९५९ रोजी पोलिसांनी त्या घरातल्या बाईला हातापायांना धरून उचलून बाहेर आणलं. त्याची छायाचित्रं छापून आली. या कुटुंबाची दुसरीकडे घरं आहेत असं लगेच वर्तमानपत्रांनी उकरून काढलं आणि शहराची सहानुभूती आटली. मैदान १० एप्रिल १९६२ला उघडलं. वस्ती उठवली ती शहराने, क्लब नंतर आला, हे खरं. पण ज्याचं घर गेलं त्याच्या डोळ्यांसमोर मैदानच उभं होतं. जुन्या रहिवाशांपैकी कित्येकांनी तिथे पाऊल टाकलं नाही.

तरी सामने ऐकले जात होते, स्पॅनिशमध्ये. हाइमे हारीन हे इक्वेडोरहून १९५५मध्ये आलेले गृहस्थ. त्यांनी आयुष्यात बेसबॉल पाहिला नव्हता. १९५९पासून ते रेडिओवर डॉजर्सचे सामने सांगू लागले. बाहेरगावचे सामने असले की सुरुवातीची काही वर्षं स्टुडिओत बसून कानावर इंग्रजी वर्णन घ्यायचं आणि तोंडाने स्पॅनिश बोलायचं. बाळ ज. पंडितांच्या मराठी समालोचनावर वाढलेल्या आपल्या पिढीला याचं मोल वेगळं सांगायला नको. घरात एक बोली आणि लिहायला दुसरी भाषा, असं ज्याचं माझ्यासारखं असतं, त्याला तर नाहीच. खेळ आपल्या भाषेत आला की तो परका राहत नाही.

१९८१मध्ये याच हारीन यांनी फर्नांडोच्या शेजारी बसून पत्रकारांचे प्रश्न त्याला स्पॅनिशमध्ये सांगितले आणि त्याची उत्तरं इंग्रजीत दिली. त्या वर्षी घरच्या मैदानावर त्याने सुरू केलेल्या बारापैकी अकरा सामन्यांची सगळी तिकिटं खपली. आजीआजोबांसह अख्खी कुटुंबं टेकडी चढून आली. आणि न्यूयॉर्कमधला तो सातवा विजय, तारीख ८ मे. आरेचिगांच्या घरासमोर पोलीस आले त्याला त्या दिवशी बरोबर बावीस वर्षं झाली होती.

म्हणून जखम भरली, असं मी म्हणणार नाही. टेकडी कुणाला परत मिळाली नाही.

त्या वर्षी फर्नांडोला सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम पिचर असे दोन्ही किताब मिळाले. एका हंगामात ते दुसऱ्या कुणालाच जमलेलं नाही. पुढे स्क्रूबॉलने खांदा झिजवला. १९९१मध्ये क्लबने त्याला सोडून दिलं. कारकिर्दीचा हिशोब १७३ विजय, १५३ पराभव, ईआरए ३.५४. हॉल ऑफ फेमच्या मतदारांनी तो हिशोब पाहिला आणि २००४मध्ये त्याची मतं पाच टक्क्यांखाली गेली. ज्याचं नाव त्या हॉलमध्ये, त्याचाच क्रमांक निवृत्त करायचा, असा डॉजर्सचा शिरस्ता होता. पण फर्नांडोचा ३४ क्रमांक १९९१नंतर क्लबने कुणालाही दिला नाही. न बोलता तो बाजूला ठेवला. २००३पासून तो स्वतः स्पॅनिश प्रक्षेपणात माइकसमोर बसू लागला, हारीन यांच्यासोबत. हारीन २०२२मध्ये निवृत्त झाले. ऑगस्ट २०२३मध्ये शिरस्ता मोडून ३४ क्रमांक रीतसर निवृत्त झाला, आणि २२ ऑक्टोबर २०२४ रोजी, डॉजर्सची अंतिम मालिका तीन दिवसांवर आली असताना, फर्नांडो वारला.