बाहुलीला चेहरा आला तेव्हा

लेण्याद्रीच्या डोंगरात पार्वतीने बारा वर्षं तप केलं, भाद्रपद शुद्ध चतुर्थीला अंगावरच्या मळाची मूर्ती घडवली आणि त्या मूर्तीत जीव आला, ही गिरिजात्मजाची कथा जुन्नर तालुक्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. अष्टविनायकांपैकी हा एकच गणपती डोंगरातल्या बौद्ध लेण्यात, सातव्या क्रमांकाच्या विहारात बसला आहे. हाताने केलेलं बाळ जिवंत होतं, ही कल्पना पुढे जगभरच्या गोष्टींत दिसते. कार्लो कोलोदीचा लाकडी पिनोकियो १८८३ साली पुस्तकरूपात आला आणि तिथून सिनेमात गेला. जुन्नरच्या कुकडी नदीकाठच्या लोकांना मात्र ही कल्पना बाहेरून आणावी लागली नाही. त्यांच्या घरच्या देवाचा जन्मच तसा झालेला.

गिरिजात्मजाची मूर्ती पाहायला गेलेल्याला रेखीव नाक-डोळे सापडत नाहीत. खडकातून पुढे आलेला एक शेंदरी उठाव, एवढंच दिसतं. भाविकांचं त्यावाचून काही अडत नाही. जिवंतपणासाठी हुबेहूब चेहरा लागतो हा समज फार अलीकडचा आहे, आणि जुन्नर-आंबेगाव या दोन तालुक्यांच्या खोऱ्यांतून बाहुलीचं कूळ शोधत गेलं की तो कधी आणि कुठून आला हेही कळतं.

घोड नदी आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, आहुप्याच्या बाजूच्या डोंगरांत उगम पावते, डिंभे धरणात अडते, घोडेगावावरून पुढे शिरूरकडे जाते. कुकडीही पुढे घोडलाच मिळते. याच घोडच्या काठी, शिरूर तालुक्यात, इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे बारा-चौदा वर्षं उत्खनन केलं. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती तिथे मिळाली. घरांचे तळ, चुली, धान्याच्या कणग्या, आणि घराच्याच जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत पुरलेली लहान मुलं.

तिथल्या एका घरात जमिनीखाली मातीची झाकणाची पेटी निघाली. तिच्यासोबत दोन स्त्रीमूर्ती होत्या, एकीला डोकं आहे, दुसरीला नाही, आणि एक बैल. सगळं कच्च्या मातीचं. बिनडोक्याच्या मूर्तीच्या पोटाला एक भोक आणि बैलाच्या पाठीला एक. मधे काडी खोचली की ती बैलावर बसते! तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी मातीच्या ओल्या गोळ्यात काडी घालून भोक नीट जुळतंय का हे पाहिलं असणार. सुटे भाग जोडून उभी करायची बाहुली म्हणायला काहीच हरकत नव्हती. पण ती पेटीसोबत जमिनीखाली पुरलेली होती, म्हणून अभ्यासकांनी तिला मातृदेवता मानलं. पटण्यासारखंच आहे. डोक्याऐवजी कमळ असलेली लज्जागौरी पुढच्या काळात मराठवाड्यातल्या तेरसारख्या ठिकाणी मिळतेच, आणि रा. चिं. ढेरे यांनी १९७८ साली तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. खेळणं की देव, हे अशा वेळी घडणीवरून ठरत नाही. ती वस्तू कुठे ठेवली होती, तिचं पुढे काय केलं, यावरून ठरतं.

कच्ची माती ही इथली खरी खूण. भाजलेली मूर्ती टिकते. न भाजलेली पाण्यात विरघळते. घोड-कुकडीच्या काठी आजही भाद्रपद महिना उजाडला की घरात एकामागून एक अशा मूर्ती येत राहतात. तृतीयेला हरतालिका आणि तिची सखी, चतुर्थीला पार्थिव गणपती, मग गौरी आणि महिना संपताना बैल. राज्यात बऱ्याच ठिकाणी बैलपोळा श्रावणी अमावास्येला होतो; जुन्नर, आंबेगाव, खेड या पट्ट्यात मात्र बहुतेक गावांत तो भाद्रपदी अमावास्येला. दावणीला बैल उरले नाहीत, त्या घरांतही कुंभाराकडून मातीची जोडी आणून पाटावर पुजतात. पुजून झाली की ती पोरांच्या हाती पडते. सकाळचा देव संध्याकाळी खेळणं होतो आणि घरात कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

गौरींचं प्रकरण याहून मोठं. माणसाएवढी बाहुली मराठी घरात उभी राहते ती हीच. आधी लोखंडी स्टँड लावायचा, किंवा धान्याने भरलेले डबे एकावर एक रचायचे. त्याला कापड गुंडाळून कंबर काढायची, मग साडी. निऱ्या एकसारख्या बसाव्यात म्हणून टाचण्या तोंडात धरून दोघी-तिघी खपत असतात. एकीने पदर धरलेला, दुसरी मागून ओढ घेत असते. हात वेगळे असतात, ते खांद्याशी अडकवायचे. मुखवटा सर्वांत शेवटी. तो बसेपर्यंत समोर नुसता नेसवलेला सांगाडा असतो. मुखवटा बसला की लगेच ‘तिला नथ घातली का गं?’ असं विचारणं सुरू होतं. अनुराधा नक्षत्रावर आलेली ही माहेरवाशीण पहिल्या दिवशी भाजी-भाकरी जेवते, ज्येष्ठा नक्षत्रावर पुरणपोळी, आणि मूळ नक्षत्रावर निघते. तीन दिवस तिला जेवायला वाढतात, ओटी भरतात, पण तिचा मुखवटा पितळेचा आहे की शाडूचा यावर तिचं जिवंतपण ठरत नाही. काही घरांत तर गौर म्हणून तेरड्याची रोपं येतात, काही घरांत पाणवठ्यावरचे खडे. चेहरा नसलेल्या त्या खड्यांनाही तोच नैवेद्य.

मग हुबेहूब माणसाचा चेहरा या भागात आला कधी? त्याचा एक जुना धागा जुन्नरच्या पश्चिमेला, नाणेघाटात सापडतो. घाटमाथ्यावरच्या सातवाहनांच्या लेण्यात मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती कोरल्या होत्या आणि वर प्रत्येकाचं नाव. सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी, राजकुमार, महारठी. अमक्या माणसाचीच ही मूर्ती, असं नावानिशी सांगणारा भारतातला हा अगदी आरंभीचा प्रयत्न. मूर्ती आता उरल्या नाहीत. पावलांच्या खुणा आणि वरची नावं तेवढी आहेत. याच घाटातून कल्याणकडचा माल जुन्नरात चढत होता, आणि जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानांचे लेखही आहेत.

त्या व्यापारासोबत कसब आलं. त्याच तेरला सातवाहन काळातल्या पांढऱ्या केओलिन मातीच्या बाहुल्या मिळाल्या आहेत. पुढचा साचा वेगळा, मागचा वेगळा, दोन्हींतून निघालेले भाग जोडून आतून पोकळ बाहुली करायची. तेरच्या लामतुरे संग्रहालयात त्या पाहायला मिळतात. तिथेच हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याच जातकुळीची एक इटलीतल्या पाँपेई शहरात, ज्वालामुखीच्या राखेखालून १९३८ साली निघाली. साच्यामुळे चेहरा ठरलेला झाला. केशरचना, कर्णफुलं, गालाची गोलाई, सगळं दर वेळी तसंच. इनामगावच्या बाईच्या बोटांतून निघालेली प्रत्येक मूर्ती वेगळी; तेरच्या साच्यातून निघालेल्या बहिणी-बहिणी. पण ही चैन पेठांमधली. खेड्यातल्या पोरींपर्यंत ती पोचल्याची खूण नाही.

पोरींची बाहुली चिंध्यांचीच राहिली. जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा घ्यायचा, मधे कापसाची किंवा चिंध्यांची गोळी ठेवायची आणि खालून दोऱ्याने आवळायची. झाली मान. उरलेलं कापड सुटलं की अंग, आडवी गुंडाळी बांधली की हात. डोळे हवेत तर काजळाचे दोन ठिपके. नसले तरी अडत नाही. मुलगे ज्वारीच्या ताटातलं भेंड काढून त्याच्या गाड्या आणि बैल करत, काड्या खोचून. इनामगावच्या बैलाला काडी खोचली होती, तशीच. ज्या घरात चार पैसे जास्त तिथे लाखेच्या रंगाची लाकडी ठकी येई. तिचे हात अंगाला चिकटलेले आणि डोळे रंगाच्या एका फटकाऱ्यात काढलेले.

या बाहुलीचं लग्न लागे. बाहुलीची आई ती मुलीकडची, बाहुल्याची आई ती वरपक्षाची, आणि मानपानावरून खरोखरीची रुसवाफुगवी. रुमालाचा अंतरपाट, तोंडपाठ असतील तेवढ्या मंगलाष्टका, पंगतीला चुरमुरे आणि गूळ. आज हे वाचताना गंमत वाटते, पण १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं किमान वय १४ ठरवलं, यावरून त्याआधी काय चाललं होतं ते ओळखावं. बाहुलीचं लग्न लावणारी पोर स्वतः त्याच वयात बोहल्यावर उभी राहत होती. भातुकली म्हणजे नुसता खेळ नव्हता. पुढे जे अंगावर येणार त्याची रंगीत तालीम होती. बाहुलीला चेहरा नसणं तिथे उपयोगाचंच पडे. आज नवरी, उद्या बाळंतीण, परवा तापाने फणफणलेलं लेकरू. जो चेहरा हवा तो खेळणारी पोर स्वतः देत असे.

डोळे उघडणारी-मिटणारी बाहुली आली ती युरोपातून. १९ व्या शतकात जर्मनीतल्या कारखान्यांनी भाजलेल्या चिनी मातीची डोकी, काचेचे डोळे आणि आत शिशाचं वजन असा मेळ घातला. बाहुली आडवी केली की वजन कलंडे आणि पापण्या मिटत. पुढे सेल्युलॉइड, मग प्लास्टिक. १९५९ साली अमेरिकेत बार्बी आली, तीही लिली नावाच्या जर्मन बाहुलीवरून. गुलाबी गालांच्या, निळ्या डोळ्यांच्या प्लास्टिकच्या बाहुल्या गावोगावच्या जत्रांत खेळण्यांच्या दुकानांत टांगलेल्या दिसू लागल्या. ओतूरला कपर्दिकेश्वराच्या जत्रेत श्रावणी सोमवारी आत गाभाऱ्यात कोरड्या तांदळाच्या पिंडी रचतात. शंभर पावलं बाहेर आलं की हारीने मांडलेली प्लास्टिकची खेळणी. एक वस्तू दिवसभरासाठी, दुसरी मोडेपर्यंत.

आणि चेहऱ्यासोबत भीती आली.

तशी घाबरवण्यासाठी केलेली एक आकृती इथल्या शिवारात पूर्वीपासून होतीच. बाजरी दाण्यात आली की बुजगावणं उभं राहायचं. आडव्या-उभ्या काठ्या, फाटका सदरा, डोक्याला पालथं मडकं. त्या मडक्यावर चुन्याने डोळे काढायला शेतकरी विसरत नाही. पोरीच्या बाहुलीला डोळ्यांवाचून चालतं. पाखरांना हाकलायचं तर डोळे लागतात. दुकानाच्या दारात किंवा टेम्पोच्या पुढे टांगलेल्या काळ्या बाहुलीलाही वटारलेले डोळे असतातच. डोळे काढले की ती वस्तू आपल्याकडे बघू लागते, हे इथे कुणाला शिकवावं लागलं नाही.

शास्त्रात ते नंतर आलं. अर्न्स्ट येंच या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने १९०६ साली लिहिलं, की समोरची वस्तू सजीव की निर्जीव हे ठरत नाही तेव्हा माणूस अस्वस्थ होतो. फ्रॉइडने १९१९ साली तो धागा पुढे नेला. मासाहिरो मोरी या जपानी यंत्रतज्ज्ञाने १९७० साली त्याचा आलेख काढला. आकृती माणसासारखी होत जाते तसतशी ती आवडत जाते, पण अगदी माणसाच्या जवळ पोचली आणि थोडीशीच चुकली, की आवड एकदम घसरते.

मराठी प्रेक्षकाने ही घसरण १९९३ साली पडद्यावर पाहिली. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ची कल्पना १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी चित्रपटावरून घेतलेली. मरणाऱ्या गुन्हेगाराचा आत्मा बाहुल्यात शिरतो. बाहुला मात्र इथल्या परंपरेतला निघाला. तो घडवला आणि हलवला शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी, ज्यांच्या वडिलांनी, य. के. पाध्ये यांनी, अर्धवटराव हे बोलके बाहुले जन्माला घातले. दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचा लक्ष्या यांना पाहून एक अख्खी पिढी हसली आणि रात्री दिवा मालवायला घाबरली. शंभरी ओलांडलेले अर्धवटराव त्याच कारागिरीचे, त्यांचंही तोंड तसंच उघडतं-मिटतं, पण त्यांना कुणी भ्यालं नाही. त्यांच्यामागे माणूस उभा दिसतो. तात्या विंचूमागचा माणूस कॅमेऱ्याने चौकटीबाहेर ठेवला, आणि बाहुला आपणहून बोलू लागला.

न बोलणाऱ्याच्या तोंडून आवाज येणं, हे काही या भागाला नवं नाही. ज्ञानदेवांनी पैठणला ज्याच्याकडून वेद वदवले त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यातच, आळे गावात आहे, आणि लोक तिथे हात जोडतात. रेडा कुणाच्या कृपेने बोलला हे भाविकाला ठाऊक आहे, म्हणून त्या आवाजात भय नाही.

सिनेमावाल्यांनाही चेहऱ्याचं हे बळ पुरतं कळलेलं आहे. ‘ॲनाबेल’ हा २०१४ चा भयपट ज्या झपाटलेल्या म्हणवल्या जाणाऱ्या बाहुलीवरून निघाला ती प्रत्यक्षात रॅगडी ॲन, म्हणजे लाल लोकरीच्या केसांची, बटणासारख्या डोळ्यांची साधी कापडी बाहुली. तसली अमेरिकेत घरोघर होती. पडद्यावर ती चालली नसती. सिनेमासाठी तिला चिनी मातीसारखा चेहरा आणि मोठे, रोखून पाहणारे डोळे दिले गेले.

तेरच्या बाहुल्या संग्रहालयात आहेत, इनामगावच्या मूर्तींच्या नोंदी डेक्कन कॉलेजच्या अहवालात आहेत, तात्या विंचू तर २०१३ साली त्रिमितीतही येऊन गेला. चिंधीची बाहुली मात्र कुणी जपली नाही, कारण ती जपायची वस्तूच नव्हती. फाटली की दुसरी व्हायची. ती करू शकणाऱ्या आज्या मंचर, घोडेगाव, ओतूर, आपटाळे इथे अजून आहेत. गावातल्या शाळांनी एका दुपारी त्यांना बोलवावं, मुलांच्या हाती जुन्या लुगड्याचे तुकडे द्यावेत आणि नीट लिहून घ्यावं: कापड कोणतं, मान कशी आवळतात, डोळे काढत होत्या की नव्हत्या, लग्न कोणत्या महिन्यात लावत आणि फाटलेली बाहुली चुलीत टाकत की नदीला सोडत.