अँड्र्यू गॉसडेन बेपत्ता प्रकरण

अँड्र्यू पॉल गॉसडेन (जन्म: १० जुलै, १९९३) हा इंग्लंडच्या साउथ यॉर्कशायर परगण्यातील डाँकास्टर येथील शाळकरी मुलगा १४ सप्टेंबर, २००७ रोजी बेपत्ता झाला. त्यावेळी तो १४ वर्षांचा होता. त्या दिवशी सकाळी शाळेत न जाता त्याने बँकेतील आपली बचत काढली, लंडनचे एकेरी तिकीट घेतले आणि एकटाच रेल्वेने लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावर पोहोचला. स्थानकातून बाहेर पडतानाचे सीसीटीव्ही चित्रण हा त्याच्यासंबंधीचा शेवटचा निश्चित पुरावा होय. ब्रिटनमधील बेपत्ता व्यक्तींच्या सर्वाधिक चर्चित प्रकरणांत याची गणना होते.

पार्श्वभूमी

अँड्र्यू आईवडील आणि थोरली बहीण यांच्यासह राहत असे. तो अभ्यासात, विशेषतः गणितात, हुशार होता व प्रज्ञावंत विद्यार्थ्यांसाठीच्या शासकीय कार्यक्रमात त्याची निवड झाली होती. शाळेत त्याची हजेरी शंभर टक्के होती. स्वभावाने तो अबोल होता. व्हिडिओ गेम आणि हेवी मेटल संगीत या त्याच्या मुख्य आवडी होत्या. लंडन त्याला अपरिचित नव्हते. तेथे त्याचे नातेवाईक राहत असत आणि कुटुंबासोबत तो तेथे अनेकदा गेला होता. बेपत्ता होण्याच्या सुमारास त्याच्याकडे मोबाईल फोन नव्हता. पूर्वीचा हरवल्यानंतर त्याने नवा घेण्यात रस दाखवला नव्हता. तपासाच्या दृष्टीने ही साधी गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली.

बेपत्ता होण्याचा दिवस

१४ सप्टेंबरला शुक्रवार होता. उन्हाळी सुटी संपून शाळा नुकतीच सुरू झाली होती. सकाळी आठच्या सुमारास अँड्र्यू नेहमीप्रमाणे घराबाहेर पडला, परंतु शाळेच्या बसकडे न जाता जवळच्या उद्यानात थांबला. घरातील सर्वजण बाहेर पडल्यावर तो परतला. गणवेश वॉशिंग मशीनमध्ये टाकून त्याने काळी जीन्स आणि स्लिपनॉट या बँडचा काळा टी-शर्ट घातला. पाकीट, घराची किल्ली आणि हातात धरून खेळायचा पीएसपी हा गेम संच त्याने बरोबर घेतला. संचाचा चार्जर मात्र घरीच राहिला.

वाटेत त्याने एटीएममधून २०० पौंड काढले. खात्यात त्याहून थोडीच अधिक रक्कम होती. स्थानकावर त्याने लंडनचे एकेरी तिकीट मागितले. परतीचे तिकीट घेतल्यास किरकोळच अधिक पैसे पडतील, असे तिकीट विक्रेत्या महिलेने सांगितले, तरीही त्याने एकेरीच हवे असा आग्रह धरला. सकाळी ९.३५ च्या गाडीने तो निघाला. प्रवासात तो शांतपणे खेळात गुंग होता, असे शेजारी बसलेल्या एका प्रवासी महिलेने नंतर सांगितले. ११.२५ च्या सुमारास तो किंग्ज क्रॉसच्या मुख्य दारातून बाहेर पडला.

मुलगा वर्गात नसल्याचे शाळेच्या लक्षात आले होते व शाळेने घरी दूरध्वनीही केला होता. परंतु हजेरीपटात अँड्र्यूच्या लगत नाव असलेल्या विद्यार्थ्याच्या घरचा क्रमांक चुकून फिरवला गेला. त्यामुळे कुटुंबाला दिवसभर कसलीच कल्पना नव्हती. अँड्र्यू घरातच आहे, या समजुतीत संध्याकाळही सरली. जेवणाच्या वेळी शोधाशोध झाली, मित्रांकडे चौकशी करता तो शाळेतच आला नव्हता असे कळले आणि सातच्या सुमारास पोलिसांना कळवण्यात आले.

तपास

काही दिवसांतच तिकीट विक्रेत्या महिलेच्या आठवणीमुळे तपासाची दिशा लंडनकडे वळली. मात्र किंग्ज क्रॉसवरील चित्रणात अँड्र्यू ओळखू येण्यास घटनेपासून २७ दिवस लागले. सीसीटीव्हीचे चित्रण ठरावीक मुदतीनंतर पुसले जात असल्याने स्थानकाबाहेरील रस्ते, बसगाड्या व भुयारी रेल्वे येथील त्याचा माग काढण्याची संधी तोवर जवळपास हातची गेली होती. या दिरंगाईबद्दल त्याच्या वडिलांनी पोलिसांवर जाहीर टीका केली.

त्याने वापरलेल्या संगणकांच्या तपासणीतून कोणाशी संपर्क असल्याचे आढळले नाही. गेम संचावरून तो इंटरनेटवर गेल्याचेही दिसून आले नाही. लंडनमध्ये तो दिसल्याच्या अनेक खबरा आल्या, पण त्यांपैकी एकीलाही निश्चित दुजोरा मिळाला नाही.

तर्कवितर्क

उपलब्ध पुरावे परस्परविरोधी दिशा दाखवतात. एकेरी तिकीट आणि जवळपास सर्व बचत काढणे यांवरून त्याचा परतण्याचा विचार नसावा, असे वाटते. याउलट चार्जर मागे ठेवणे, गरम कपडे न घेणे आणि किल्ली सोबत नेणे हे एका दिवसाच्या भटकंतीशी अधिक जुळते. एकेरी तिकिटावर दिला जाणारा भर काहीसा अतिरेकी आहे. लंडनमधील नातेवाइकांकडून परतीची सोय होईल, असेही त्याने गृहीत धरले असू शकते. त्या संध्याकाळी लंडनमध्ये रॉक संगीताचे कार्यक्रम होते, त्यासाठी तो गेला असावा असाही एक तर्क आहे. कोणी फूस लावून बोलावल्याची शक्यताही मांडली जाते. छळ किंवा घरातील वाद यांचे पुरावे मिळालेले नाहीत.

नंतरच्या घडामोडी

नोव्हेंबर २००८ मध्ये हेरफर्डशायरमधील लेमिन्स्टर पोलीस ठाण्याच्या दारावरील इंटरकॉमवरून एका पुरुषाने अँड्र्यूविषयी माहिती असल्याचे सांगितले. अधिकारी दारापाशी येईपर्यंत तो निघून गेला होता. २०११ मध्ये कुटुंबाच्या पुढाकाराने थेम्स नदीच्या तळाचा सोनार यंत्राद्वारे शोध घेण्यात आला. त्यात एक मृतदेह सापडला, पण तो अँड्र्यूचा नव्हता. ‘मिसिंग पीपल’ या संस्थेने त्याचे छायाचित्र आपल्या मोहिमांतून सातत्याने प्रसारित केले. वय वाढल्यावर तो कसा दिसेल, याची संगणकीय चित्रेही प्रसिद्ध झाली.

डिसेंबर २०२१ मध्ये अपहरण व मानवी तस्करीच्या संशयावरून लंडनमध्ये दोन पुरुषांना अटक करण्यात आली आणि पुढील महिन्यात पोलिसांनी ती जाहीर केली. चौकशीअंती दोघांचाही या प्रकरणाशी संबंध नसल्याचे सप्टेंबर २०२३ मध्ये स्पष्ट करण्यात आले.