भोंगा, कर्णा, मुकब्बिर : लाउडस्पीकरची नावं

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला, शिवाजी पार्कच्या सभेत राज ठाकरे यांनी मशिदींवरचे भोंगे उतरवण्याची मागणी केली. पुढे ३ मे ही मुदत जाहीर झाली. त्या महिन्यात 'भोंगा' हा शब्द वर्तमानपत्रांत रोज दिसत होता. वादाच्या दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिलं गेलं. मी भाषा शिकवतो, म्हणून माझं लक्ष त्या शब्दाकडे गेलं.

भोंगा हा मूळचा कारखान्याचा शब्द. मुंबईच्या गिरणगावात पाळी बदलायची ती भोंग्यावर. नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली आणि विदर्भातल्या कामगारांचा दिवसही गिरणीच्या वेळेला बांधला गेला. भोंगा बोलत नाही. त्याच्या आवाजात शब्द नसतात, फक्त इशारा असतो: कामावर या, सुट्टी झाली, धोका आहे. लाउडस्पीकरच्या पत्र्याच्या तोंडाचा आकार पाहून लोकांनी तेच नाव त्यालाही दिलं. त्यात वाईट काही नव्हतं. आमच्या घरांतही 'भोंगा दुरुस्तीला दिलाय' असंच म्हणत आले आहेत.

त्याच पत्र्याच्या तोंडाला मराठीत दुसरा शब्द आहे, कर्णा. कर्ण म्हणजे कान, त्यावरून कर्णा, असं पुष्कळांना वाटतं. पण कर्णा हे मुळात फुंकून वाजवायचं लांब वाद्य, आणि हा शब्द फारसीतून आला. अबुल फज़लच्या 'आईन-ए-अकबरी'त बादशाही नगारखान्याच्या वाद्यांत कर्ण्याची नोंद आहे. तो सोन्याचा, चांदीचा, पितळेचा असे आणि एका वेळी चारांपेक्षा कमी वाजवत नसत, असंही तिथे लिहिलं आहे. हाच शब्द पुढे ग्रामोफोनच्या तोंडाला लागला आणि तिथून लाउडस्पीकरला. देवळावर असो की मशिदीवर, 'कर्णे लावले' म्हणताना आपण फारसी शब्द बोलत असतो.

आता इंग्रजी शब्द. 'स्पीकर' म्हणजे बोलणारा माणूस. ब्रिटिश संसदेचा स्पीकर सभागृहाच्या वतीने राजाशी बोलायचा. आपल्या लोकसभेचे पहिले स्पीकर गणेश वासुदेव मावळणकर. मराठीत आपण त्या पदाला 'अध्यक्ष' म्हणतो, त्यामुळे 'बोलणारा' हा अर्थ आपल्या लक्षात राहत नाही. टेलिफोन आल्यावर मोठ्याने ऐकू येणाऱ्या यंत्राला 'मोठ्याने बोलणारा टेलिफोन' असं नाव पडलं. १९१५ साली कॅलिफोर्नियात जेन्सन आणि प्रिडहॅम या दोघांनी मोठ्या जमावाला ऐकू जाईल असं यंत्र करून दाखवलं. त्याचं नाव 'मॅग्नाव्हॉक्स', म्हणजे लॅटिनमध्ये मोठा आवाज. १९१९ साली अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन सॅन डिएगोत याच यंत्रावरून सुमारे ५० हजार लोकांसमोर बोलले. बोलणाऱ्या माणसाचं नाव तोवर यंत्राला मिळालं होतं.

आपल्याकडेही नेमकं हेच घडलं. मोठ्या जमातीत इमामांचा आवाज शेवटच्या सफपर्यंत जात नाही, म्हणून मध्ये एक जण उभा राहून तकबीर मोठ्याने पुन्हा म्हणतो. तो मुकब्बिर. लाउडस्पीकर आला तेव्हा अरबीत त्याला 'मुकब्बिर-उस-सौत' म्हणू लागले, म्हणजे आवाज मोठा करणारा. उर्दूत तो 'आला-ए-मुकब्बिर-उस-सौत' झाला. यंत्राने मुकब्बिरची जागा घेतली आणि त्याचं नावही घेतलं.

हे यंत्र मशिदीत सहज शिरलं, असा आज समज आहे. तसं झालं नाही. सिंगापूरच्या सुलतान मशिदीत १९३६ साली लाउडस्पीकर बसला. पण हिंदुस्थानातल्या उलेमांमध्ये त्यावर मोठी चर्चा झाली. प्रश्न बारीक होता: यंत्रातून येतो तो इमामांचाच आवाज, की त्याचा प्रतिध्वनी? प्रतिध्वनी असेल तर त्याच्यामागे नमाज होईल का? मौलाना अशरफ अली थानवी यांनी नमाजात वापराला नकार दिला होता. मुफ्ती मुहम्मद शफी यांनी या विषयावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली आणि पुढे, विज्ञानाच्या जाणकारांना विचारून, अशी नमाज बातिल होत नाही असं मत दिलं. आजही काही मशिदींत नमाजाला माईक लावत नाहीत, मुकब्बिरच उभा राहतो. ज्या यंत्राला आमच्याच बुजुर्गांनी इतकं तपासून घेतलं, ते आज काहींना आमच्या धर्माची निशाणी वाटतं आणि आमच्यातल्याही काहींना तसंच वाटतं.

तिसरा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे, डीजे. अमेरिकेत रेडिओवर तबकड्या वाजवणाऱ्याला 'डिस्क जॉकी' म्हणू लागले. जॉकी म्हणजे घोडेस्वार, माणूसच. आपल्याकडे डीजे म्हणजे गाडीवर रचलेली स्पीकरची भिंत. 'डीजे आणला', 'डीजे लावला' म्हणताना कुणाच्याही डोळ्यांसमोर माणूस येत नाही.

आता लाखनीकडे या. दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडई भरते, रात्री नाटक असतं, शंकरपटात जोड्यांची नावं पुकारतात. हे सगळं लाउडस्पीकरवर चालतं. तिथे त्याला 'माईक' म्हणतात. लग्नात तो 'साउंड' किंवा 'डीजे' असतो. निमंत्रणपत्रिकेत आणि सरकारी कागदात 'ध्वनिक्षेपक'. एकदा आठवीच्या वर्गात मी फळ्यावर ध्वनिक्षेपक लिहून दुसरी नावं विचारली. माईक, साउंड, डीजे, सगळी आली. मी विचारलं, "आणि भोंगा?" एक मुलगी म्हणाली, "सर, तो मशिदीवरच असतो."

यंत्र एकच, पण नाव मालक पाहून बदलतं. आणि 'भोंगा' म्हटलं की त्यातून येणारे शब्द पुसले जातात. अजान म्हणजे शब्द आहेत, त्यांना अर्थ आहे. भोंग्याला अर्थ नसतो, फक्त आवाज असतो.

कायदा मात्र नाव पाहत नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. १०० डेसिबलच्या आवाजाची तीव्रता ५५ डेसिबलच्या आवाजाहून तीस हजार पटींपेक्षा जास्त असते, हे विज्ञानाचे शिक्षक सांगतील. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली चेन्नईच्या एका चर्चबाबत, मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये अजानबाबत जे सांगितलं, त्याचं सार एकच: प्रार्थना धर्माचा भाग आहे, लाउडस्पीकर नाही. अलाहाबादच्या निकालात तर अजान मानवी आवाजात देता येईल, हेही स्पष्ट म्हटलं आहे. यात आम्हाला नवं काय आहे? मदिनेत हजरत बिलाल (रजि.) मशिदीजवळच्या उंच घराच्या छतावरून अजान देत. त्यानंतर तेराशे वर्षं अजान माणसाच्या गळ्यानेच पोहोचली.

म्हणून माझं म्हणणं दोन्हीकडच्या वाचकांना आहे. आपल्या मशिदीचा आवाज मोहल्ल्यापुरता ठेवा. शेजारी रुग्ण आहे का, बारावीचा मुलगा आहे का, हे सांगायला पोलीस येण्याची वाट पाहू नका. शेजाऱ्याचा हक्क आम्हाला दीननेच शिकवला आहे. आणि मराठी मित्रांनो, मशिदीचा आवाज मोजाल त्याच मापाने मिरवणुकीचा, वरातीचा, सभेचाही मोजा. एकाला भोंगा आणि दुसऱ्याला ध्वनिक्षेपक म्हणून डेसिबल कमी होत नाहीत.

स्पीकर, मुकब्बिर, डीजे ही तिन्ही मुळात माणसांची नावं होती. माणूस दमतो, थांबतो, समोरच्याचा चेहरा पाहून आवाज उतरवतो. यंत्राला ते येत नाही. बटणावर बोट कुणाचं आहे, एवढंच आपल्या हातात उरलं आहे.